शालूबाईंनी माझं पारायण मांडलं

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे, आणि तीही भुताखेतांची. लगेच नाक मुरडू नका. माझं नाव ‘फाशीयार्डातले पाहुणे’. माझ्या मुखपृष्ठावर केस मोकळे सोडलेली एक बाई आहे आणि तिच्यामागे फासाचा दोर. माझ्या संबंध गोष्टीत अशी बाई कुठेच येत नाही, पण चित्रकाराला ते कोण सांगणार? माझ्या पाठीला चिकटपट्टी आहे, कडा पिवळ्या पडल्या आहेत आणि पहिल्या पानावर हळदीकुंकवाची बोटं उमटलेली आहेत. भुतांच्या कादंबरीला हळदकुंकू कसं लागलं, तेच तुम्हाला सांगायचं आहे.

माझा लेखक एका कचेरीत कारकून होता. तुरुंग त्याने बाहेरूनसुद्धा धड पाहिला नव्हता. जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून त्याने मला लिहून काढलं. गोष्ट अशी, की फाशीची शिक्षा झालेल्यांना तुरुंगात वेगळ्या आवारात ठेवतात, त्याला फाशीयार्ड म्हणतात. तिथल्या एका कोठडीत लखमा नावाचा कैदी आपल्या दिवसाची वाट पाहत असतो. संध्याकाळ झाली की त्याच्याकडे पाहुणे यायला लागतात. हे सगळे त्याच यार्डात पूर्वी फासावर गेलेले लोक. ते त्याच्याशी गप्पा मारतात, गावाकडची गाणी म्हणतात, त्याची भीती थोडी वाटून घेतात. अगदी शेवटी, लखमाने ज्याचा जीव घेतला तोच येऊन त्याच्यासमोर बसतो. मग लखमाला फाशी होते, आणि तोही पाहुणा होऊन शेजारच्या कोठडीत जातो.

छापखान्यातून निघून मी शिरड शहापूरच्या वाचनालयात आले. सुरुवातीला माझी काय चंगळ होती म्हणून सांगू! पोरं माझ्यासाठी भांडत. कुणी मला उशाखाली लपवलं, कुणी वहीत घालून वर्गात वाचलं. एका खोडकराने तर समासात ‘पुढे जास्त भ्या वाटतं’ असं लिहून ठेवलं आहे, ते अजून वाचता येतं. मग घरोघरी मोबाइल आले. मला कुणी हात लावेना. ग्रंथपाल तातेराव अधूनमधून माझ्यावर फडकं मारत आणि पुन्हा त्याच खालच्या फळीवर सारून देत. तिथे कसर माझी पानं खात होती. मला फार वाईट वाटायचं.

अशात एका दुपारी आरोही आली. आठवीतली मुलगी, दोन वेण्या, पाठीला दप्तर. ती माझ्यासमोर उकिडवी बसली आणि तिने माझ्या नावावरून बोट फिरवलं. मग तिने विचारलं, “काका, ह्याच्यात फाशीयार्ड आतून कसं असतं ते लिहिलंय का?”

तातेरावांनी तिच्याकडे पाहिलं आणि एकदम नजर वळवली. आरोही कुणाची मुलगी, हे त्यांना माहीत होतं. तिचा बाप हरिचंद खरोखरच्या फाशीयार्डात होता.

हरिचंदाने केलं ते भयंकर होतं. शेताच्या बांधावरून शेजाऱ्याशी त्याचं वैर होतं. एकदा त्याने शेजाऱ्याच्या आखाड्यावरच्या, म्हणजे शेतातल्या, झोपडीला बाहेरून कडी घातली आणि आग लावली. आत शेजारी होता, त्याचा भाऊ होता आणि शेजाऱ्याचं श्रेयस नावाचं छोटं पोरगं होतं. कुणीच वाचलं नाही. शेजाऱ्याची बायको चांगुणा त्या दिवशी डोंगरकडा गावी माहेरी गेली होती, म्हणून ती तेवढी उरली. एकेका कोर्टाने फाशी कायम केली. आता राष्ट्रपतींकडे पाठवलेला दयेचा अर्ज तेवढा बाकी होता. हरिचंदाची बायको माहेरी गेली ती परतली नाही. घरात आरोही आणि तिची आजी शालूबाई, अशा दोघीच राहिल्या.

शालूबाई एस.टी.ने लांबच्या तुरुंगात जाऊन लेकाला भेटून यायच्या. जाळीपलीकडून तो दर खेपेला एवढंच म्हणायचा, “बरा हाय मी.” तो कुठे झोपतो, कुणाशी बोलतो, तिथे दिवा असतो का, हे त्या माउलीला काही म्हणजे काही कळत नव्हतं. म्हणून आरोहीने मला घरी नेलं आणि आजीला सांगितलं, की हे पुस्तक त्याच जागेबद्दल आहे.

“वाच,” शालूबाई म्हणाल्या.

पहिलंच प्रकरण ऐकून त्यांनी डोळ्याला पदर लावला. पण त्या घाबरल्या नव्हत्या. “म्हंजी येकटा न्हाई म्हन तो,” त्या म्हणाल्या. “कुनी ना कुनी येऊन बसतं त्याच्यापाशी. बरं झालं, माय.”

“आजी, ही नुसती गोष्ट हाय. कुनीतरी मनानं लिवलेली.”

“छापलंय न्हवं? मग?”

शालूबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांच्या घरात मोठ्याने वाचलं जायचं ते एकच, पोथी. आणि पोथी मांडीवर घेऊन कुणी वाचत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी ओसरी सारवली, पाट मांडला, त्यावर खण अंथरला आणि मला ठेवलं. शेजारी पाण्याचा गडू, उदबत्ती. माझ्या पहिल्या पानाला हळदकुंकू लावून त्यांनी हात जोडले आणि नवस बोलल्या, “ह्याची समाप्ती होईस्तोवर माज्या लेकराच्या मानेवरचा दोर निघू दे.”

मित्रांनो, माझी काय अवस्था झाली असेल! जी कादंबरी शाळेतले मास्तर हिसकावून घेत, ती पाटावर बसली. मला अभिमान वाटला आणि त्याहून जास्त भीती वाटली. माझा शेवट काय आहे, ते मला ठाऊक होतं.

आरोहीलाही लवकरच ठाऊक झालं. शाळेच्या मधल्या सुट्टीत तिने माझी शेवटची पानं पुढे जाऊन वाचली आणि मला फटकन मिटलं. पोथी अर्धी सोडायची नसते, आणि पुरी केली तर लखमा फासावर जातो. आजी ते ऐकेल आणि लेकाचा निकाल लागला असंच समजेल. बिचारी पोर सैरभैर झाली. ती रोज कमी कमी वाचू लागली. एकदा तिने आदल्या दिवशीचं पान पुन्हा वाचलं, तर शालूबाई म्हणाल्या, “हे काल झालं. काहून चालढकल करून राहिलीस?”

ती तातेरावांकडे गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून पुसत बसले.

“शेवट बदलून वाच,” ते म्हणाले. “सोडून दे त्या लखमाला. तुझ्या आजीला कोण सांगायला चाललंय?”

समाप्तीच्या दिवशी पाच घरांना प्रसादाला बोलवायची रीत आहे. शालूबाईंनी आरोहीला सांगितलं, “चार घरं आळीतली. पाचवं चांगुणाचं.”

आरोही जागची हलली नाही.

“जा. पोथीचं बोलावनं देताना घर निवडायचं नसतं. आपला तिचा बांध लागून हाय.”

आरोही गेली. चांगुणाच्या अंगणात खाली मान घालून तिने निरोप सांगितला आणि धावत परत आली. दुपार झाली. आळीतल्या चारही घरांतून काही ना काही निमित्त आलं. कुणाला ताप होता, कुणाकडे पाहुणे होते. शिरा कढईत निवत चालला. आणि चांगुणा आली. कपाळ मोकळं, पदर घट्ट लपेटलेला. ती ओसरीच्या कडेला, दाराजवळ बसली.

“पोथीच्या परसादाला न्हाई म्हनता येत न्हाई, मावशी,” ती म्हणाली. “म्हनून आले. दुसरं काई मनात आनू नका.”

“बस, बाई,” शालूबाई म्हणाल्या.

आरोहीने मला उघडलं. लखमासमोर त्याने मारलेला माणूस येऊन बसतो, तिथवर तिने बरोबर वाचलं. मग तिने पान उलटलं, आणि माझ्यात नसलेली वाक्यं तिच्या तोंडून येऊ लागली. तुरुंगाधिकारी किल्ल्या घेऊन येतो. साहेबांचा हुकूम आलाय म्हणतो. लखमा यार्डाच्या दारातून बाहेर पडतो, ऊन पडलेलं असतं. पोरीने चांगलं रचलं होतं. माझ्या लेखकालाही इतकं सरळ जमलं नसतं. पण ज्याला मारलं तो माणूस तिथेच कोठडीत बसून राहिला होता, आणि त्याचं काय करावं हे तिला सुचेना. ती अडखळली.

चांगुणा जमिनीकडे बघत होती.

शालूबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग नातीकडे. “पोरी,” त्या हळूच म्हणाल्या, “तुजा आवाज बदलला. हाय ते वाच.”

“आजी, नको.”

“त्यानं केलंय. मी न्हाई म्हनत न्हाई. ह्या बाईसमोर मला खोटं ऐकायचं न्हाई. हाय ते वाच.”

आरोहीने पान मागे उलटलं आणि रडत रडत माझा खरा शेवट वाचला. दोर, खटका, आणि शेजारच्या कोठडीत गेलेला नवा पाहुणा. शालूबाई ताठ बसून राहिल्या. वाचून झाल्यावर त्यांनी मला नमस्कार केला आणि खणात गुंडाळलं. त्यांच्या नवसाचं मग काय उरलं, ते मला विचारू नका. एवढं खरं, की चांगुणाच्या हातावर त्यांनी स्वतः प्रसाद ठेवला.

चांगुणाने तो खाल्ला नाही. मुठीत धरून ती बसून राहिली.

“मावशी,” ती म्हणाली, “माजं लेकरू जात असंल का वो तिथं? त्याच्यापाशी?”

शालूबाईंनी शिऱ्याची वाटी खाली ठेवली.

“जात असंल तर इचारा हरिचंदाला. भाजलेला दिसतो, का पहिल्यावानी? मला तेवढंच पायजे. मी पाहिला तवा...” ती उठून गेली.

पुढच्या भेटीला आजी-नात दोघी निघाल्या. आरोहीने मला दप्तरात घातलं होतं. तुरुंगाच्या दाराशी दप्तर ठेवून घेतलं, त्यामुळे आतलं मी पाहिलं नाही. परतताना एस.टी. कनेरगाव नाक्याला चहापाण्यासाठी थांबली. सगळे उतरले, पण या दोघी बसून राहिल्या. दप्तर आरोहीच्या मांडीवर होतं, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

“मी इचारताना तू जाळीजवळ नव्हतीस,” शालूबाई म्हणाल्या. “तो काय म्हनला, तुला ऐकू आलं का?”

“न्हाई.”

“पयले रागावला. म्हनला, आये, तुला कुनी सांगितलं? मी तर कुनाजवळ बोललो न्हाई.” त्यांनी पदराने तोंड पुसलं. “मग लई रडला. म्हनला, येतो. रोज येतो. दिवेलागण झाली की येतो आन् भिंतीपाशी उभा राहतो.”

“आणि कसा दिसतो?”

शालूबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. “भाजलेलाच येतो, माय.”

माझ्या पानापानांतून थंडी गेली, मित्रांनो. माझ्या लेखकाने मला डोक्यातून काढलं होतं. हरिचंदाने मला कधी पाहिलंही नव्हतं. मी स्वतःला आयुष्यभर निव्वळ थाप समजत आले होते.

गावात उतरल्यावर शालूबाई घरी गेल्या नाहीत. दप्तरासकट आरोहीला घेऊन त्या थेट चांगुणाच्या अंगणात जाऊन उभ्या राहिल्या. चांगुणा तुरी पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

“येतो तुजा श्रेयस,” शालूबाई म्हणाल्या. “पहिल्यावानीच हाय. अंगावर येक डाग न्हाई. तेल लावून भांग पाडलेला असतो म्हने.”

“हसतो का?”

“हसतो.”

चांगुणाने तोंडावर पदर घेतला आणि ती खाली बसली. किती तरी वेळ ती रडत होती, आणि शालूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या.

घराकडे येताना आरोही वाटेत थांबली. “आजी, तू तर मला म्हनली होतीस, हाय ते वाच.”

“ते माज्या लेकराचं होतं,” शालूबाई म्हणाल्या. “हे तिच्या लेकराचं हाय.”

दयेच्या अर्जाचं उत्तर अजून आलेलं नाही. मी आता चांगुणाच्या घरी असते. तिने मला मागून नेलं, आणि आरोही शाळा सुटल्यावर तिच्या ओसरीवर बसून मला वाचते. तर मित्रांनो, आम्हा जुन्या पुस्तकांची पानं दुमडू नका, आम्हाला कसरीच्या हवाली करू नका. आणि एखादी वाचता न येणारी बाई तुमच्यासमोर बसून ‘वाच’ म्हणाली, तर कंटाळा करू नका. ती काय ऐकायला बसली आहे, ते तुम्हाला ठाऊक नसतं.