वादळाच्या वर्षाची यादी

इओएलू पाद्रीबाबांनी टाक शाईत बुडवला आणि वहीच्या कोऱ्या पानावर १८८९ असं लिहिलं. वर्षभरातल्या मोठ्या घटना, जन्म आणि मृत्यू उद्याच्या प्रार्थनेत वाचायचे होते. यादी लिहायला पाद्रीबाबा एकटे, चुका काढायला अख्खं गाव जमलेलं.

"जन्म अकरा," ते म्हणाले.

"बारा!" म्हातारा सापोलू ओरडला. गावाच्या वतीने बोलायचा मान त्याचा, आणि जिभेला हाड नाही. "माझी नात विसरलात की काय? तिच्या बारशाचं डुक्कर बरं चाललं तुम्हाला!"

सगळे हसले. मोएलांगी तेवढी मान खाली घालून केवड्याच्या पात्यांची चटई विणत राहिली.

मग घटना. मार्चमधलं वादळ. बेटावरच्या आपिया बंदराच्या खाडीत परक्यांच्या लढाऊ बोटी खडकांवर फुटल्या तेव्हा याच गावची माणसं हातात हात गुंफून लाटांत उभी राहिली होती. बोटींवर जर्मनही होते. वादळाच्या तीनच महिने आधी त्यांच्याशी झालेल्या लढाईत गावची पोरं गेली होती. मोएलांगीचा लेक फिलिपो त्यातलाच. आणि याच बाईने तीन जर्मन खलाशी पाण्यातून ओढून काढले. काय छाती म्हणायची!

"हे अगदी सविस्तर लिहा," सापोलू म्हणाला. "मी मेला पुरुष असून गुडघाभर पाण्यात लटपटत होतो. ही तीनदा आत गेली."

"नका लिहू," मोएलांगी म्हणाली.

"अगं, आता लाजतेस कशाला?"

"चारदा गेले होते." तिची बोटं थांबली. "पहिल्याचा हात माझ्या हातात आला होता. तेवढ्यात त्याच्या अंगातला डगला दिसला. फिलिपोला मारणाऱ्यांचा असतो तसलाच. मी हात सोडला. सुटला नाही, सोडला."

मोएलांगीने एक पातं उचललं आणि तसंच खाली ठेवलं.

"एकदा वर आला, माझ्याकडे बघितलं त्याने. मग मी त्यालाच शोधायला परत परत जात होते. हाती लागले ते दुसरेच."

पाद्रीबाबांनी घसा खाकरला. "मोएलांगी, देव सगळं..."

"देवाशी काय बोलायचं ते माझं मी बघेन. तुम्ही त्याला मृत्यूंत लिहा."

त्यांनी टाक मृत्यूंच्या यादीकडे नेला. "नाव?"

"माहीत नाही."

"नावावाचून चालेल एक वेळ," पाद्रीबाबा अडखळत म्हणाले, "पण माणूस कोणत्या घरचा, ते लिहावंच लागतं. काय लिहू?"

मोएलांगीने प्रथमच मान वर केली.

"आमच्या."