सरळ पेटा

"भावजी, पेटा घाला आधी. पोरीला बघायला टी. नरसीपूरची मंडळी गल्लीत आली," माझा भाऊ रणोजी म्हणाला. "आजचा एक दिवस सुम्ने, गप्प बसा. डोक्याची गोष्ट बेडा, अजिबात नको."

हे हसले. "डोकं माझं, आणि लाज तुला?"

आमच्या यांचं, तिरुमलरावांचं, काम पेटे, म्हणजे जरीचे फेटे, बांधायचं. लग्नाचे, दसऱ्याचे. लाकडी ठोकळा त्यांनी कधी वापरला नाही. पेटा आधी स्वतःच्या डोक्यावर बांधायचा, आरशात बघायचा, मग अलगद उतरवून गिऱ्हाइकाला द्यायचा, ही सासऱ्यांपासूनची रीत. एका वर्षी मात्र पेटे डावीकडे झुकू लागले. आम्ही चष्मा बदलला. पहाटे डोकं ठणकायचं, उलटी व्हायची. पित्त म्हणून आम्ही सुंठ उगाळत राहिलो. बंगळूरला मेंदूतली गाठ सापडली, तोवर डाव्या बाजूचं दिसेनासं झालं होतं. ऑपरेशन झालं, पण सगळी गाठ निघाली नाही. ती पुन्हा वाढणार, हे यांनाही ठाऊक होतं.

तेव्हापासून हे दुकानात उघड्या डोक्यानं बसत. पेटेवाला आणि बोडका! लोक कानामागच्या ऑपरेशनच्या व्रणाकडे बघत, विचारत. हे सांगत, "पहाटेचं डोकं दुखणं आणि वर उलटी असली तर सुंठ नको. डॉक्टर गाठा."

पण घरात लग्नाची मुलगी होती. "डोक्याचा रोग घराण्यात असेल," म्हणून तुंगाची दोन स्थळं आधीच मोडली होती.

त्या दिवशी यांनी निमूट पेटा घातला. मुलाची आई गिरिजाबाई तुंगाशी छान रमल्या. आता होकारच, असं मला वाटलं.

"धाकटा कृष्णमूर्ती आला नाही," त्या म्हणाल्या. "अय्यो, त्याचं रोजचंच! उठला की डोकं धरतो, ओकतो. कॉलेज चुकवायची सोंगं सगळी."

रणोजीनं यांच्याकडे डोळे वटारले. यांचा हात पेट्याकडे गेला आणि खाली आला. तुंगा उप्पिटाच्या बशा घेऊन उभी होती. तिनं त्या खाली ठेवल्या.

"सांगा, अप्पा," ती म्हणाली.

यांनी दोन्ही हातांनी पेटा उतरवला.

"बाई, सोंग नव्हे ते. हे बघा. पोराला उद्याच दाखवा."

गिरिजाबाईंनी बशी दूर सारली. मंडळी लवकर उठली. निरोप आला नाही.

हे चैत्रात गेले.

पुढच्या वर्षी दुकानाच्या पायरीवर एक पोरगा उभा राहिला. बोडका, कानामागून तस्साच व्रण.

"मी कृष्णमूर्ती. वेळेत आणलंत, म्हणाले डॉक्टर." मग चाचरत म्हणाला, "आमच्या थोरल्या अण्णाचं लग्न ठरलंय, बन्नूरची मुलगी. अम्मा म्हणाली, पेटा इथलाच पाहिजे."

रणोजी उसळला, "दुकान बंद आहे!"

"बसा," तुंगा म्हणाली.

यांचं बघून तिचाही हात बसला होता. तिनं जरीचं कापड काढलं. आरशासमोर बसून नवरदेवाचा तो पेटा तिनं आधी स्वतःच्या डोक्यावर बांधला. डावीकडचा कल बोटानं सरळ केला. क्षणभर बघितलं, आणि अलगद उतरवून त्याच्या हातात दिला.