फाटकाशी उभी गाडी

नेवाडातल्या त्या उजाड पठारावरच्या कोमट पाण्याच्या झऱ्याला एकच नियम होता. फाटकाशी गाडी दिसली, की आत कुणीतरी उघड्या अंगानं पाण्यात बसलंय असं समजायचं आणि आपण बाहेर थांबायचं. ग्रेसियाना एचेवेरी ही मेंढपाळाची सत्तरीतली विधवा त्या नियमाची कडक राखणदार. कुणी नियम मोडला, की ती त्याची अशी बिनपाण्यानं हजामत करायची, की पुढं महिनाभर तो तोंड लपवत फिरायचा.

आज शेवाळावरून तिचाच पाय घसरला. घोटा मोडला, टॉवेल पाण्यात गेला. कपडे गाडीत होते. दगडावर ठेवले तर गोठून पत्रा होतात, म्हणून सगळे ते गाडीतच ठेवतात.

पाण्यात बसावं, तर पाणी मेलं कोमट. अंगातली ऊब राखायचं सोडून हळूहळू काढून घेत होतं. बाहेर यावं, तर बर्फ आणि वारा. दोनदा तिनं खांदे बाहेर काढले आणि दातावर दात आपटायला लागले तशी पुन्हा बुडाली. दुपार कलली होती. अंधार पडला की संपलंच, हे तिला कळत होतं. तिला भीती वाटत होती, लहान पोरीला वाटावी तशी.

तेवढ्यात इंजिनाचा आवाज आला. शेजारचा गुरंवाला, ऑरिन! त्यानं फाटकाशी गाडी थांबवून हॉर्न वाजवला.

"ऑरिन! अरे, घोटा मोडलाय माझा! ये लवकर!"

वारा नेमका त्याच्याकडून इकडे येत होता; तिचे शब्द त्याच्यापर्यंत पोचलेच नाहीत. त्याचं बोलणं मात्र तिला स्वच्छ ऐकू आलं, "सावकाश होऊ द्या बाई! मला कसली घाई नाही!" आणि काच वर गेली.

गुणी माणूस. रात्रीपर्यंत बसला असता.

ग्रेसियाना कोपरांवर रेटा देत बाहेर आली आणि बर्फातून सरपटत निघाली. अंगावर चिंधी नाही. कातडी जळत होती, बोटं आपली वाटेनाशी झाली. अर्ध्या वाटेत काचेमागं ऑरिनचं तोंड दिसलं. त्यालाही ती दिसली. त्यानं झटकन टोपी डोळ्यांवर ओढली आणि मान पलीकडे फिरवली.

नवऱ्यासमोरसुद्धा दिवा घालवल्याशिवाय कधी कपडे न बदललेली ग्रेसियाना हात उंच करून जीव तोडून ओरडली, "गाढवा, बघ! बघ की रे माझ्याकडे!"