माझ्या पोटात होतं, तरी सापडेना

हलवून पाहिलंत तर मी आजही खुळखुळते. काळी, चौकोनी, वरच्या चिठ्ठीवर निळ्या शाईनं ‘करुणा, शेळगाव’ असं लिहिलेली जुनी फ्लॉपी, मित्रांनो, ती मीच. कॉम्प्युटरच्या खाचेत मला सरकवलं की माझ्या पोटातली चकती फिरू लागते आणि जे ठेवायला दिलं असेल ते मी परत देते. एवढंच माझं काम. ते मी इमानानं केलं, आणि तरीही एका दुपारी मी खोटी ठरले.

इंदापुरात जोतीराम सरांचा कॉम्प्युटर क्लास होता. चपला दाराबाहेर, पंखा कॉम्प्युटरच्या तोंडावर आणि मुलं घामाघूम. कॉम्प्युटरच्या आत साठवणीची कायमची जागा असते, तिला ‘सी’ म्हणतात. सरांनी तिचं पार देवघर करून टाकलं होतं. कुणी हात लावला की व्हायरस शिरेल, ही त्यांची धास्ती. ज्यानं त्यानं आपलं काम आपल्या फ्लॉपीत ठेवायचं आणि फ्लॉपी ‘ए’ खाचेत घालायची, असा नियम होता. खाचही तिथं एकच होती. त्यामुळे घरचा पत्ता सांगावा तसं मुलं जिथं तिथं ‘ए’ लिहायला शिकली.

करुणाही तेच शिकली. तिनं पाटाच्या पाण्याची पाळी लावणारा प्रोग्राम लिहिला होता. कुणाच्या रानाला पाणी कधी आणि किती वेळ, हे तो सांगायचा. तारखांचा हिशेब एका फाइलीत, शेतकऱ्यांची नावं दुसरीत. मुख्य फाइल दोघींना हाक मारायची, की ‘ए’मधून तारखा आण, ‘ए’मधून नावं आण. सगळ्या माझ्याच पोटात. क्लासात तिचं कौतुक झालं की मलाही बरं वाटायचं.

परीक्षा बारामतीला होती. कोर्स बंद होणार होता, म्हणून ही शेवटचीच. पास झाली तर करुणाला बावड्याच्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवायची जागा मिळणार होती. नापास झाली तर ती दुसऱ्या कुणाला जाणार होती. तिचे वडील साहेबराव तिच्याबरोबर एसटीनं आले आणि बाहेर बाकावर बसून राहिले.

परीक्षकांनी मला तिथल्या खाचेत घातलं, मुख्य फाइल उघडून दिली आणि प्रोग्राम चालवायला सांगितलं. करुणानं चालवला. पडद्यावर उमटलं, तारखांची फाइल सापडत नाही.

मित्रांनो, ती माझ्याकडेच होती! करुणानं फाइलीचं नाव पुन्हा टाइप केलं. सापडत नाही. पडद्यावरची नजर न हलवता मला बाहेर काढून ओढणीनं पुसलं, पुन्हा त्याच खाचेत घातलं. सापडत नाही. परीक्षक म्हणाले, चारला वीज जाते, त्याआधी दाखवा, नंतर मला पुण्याला निघायचंय. माझा जीव नुसता तळमळत होता, पण मला तोंड कुठलं?

मला तशीच खाचेत ठेवून ती दाराशी गेली.

“फाइल हाय, अण्णा. मी सवता ठेवलीया. ह्यो कॉम्प्युटर न्हाय म्हणतोय.”

साहेबरावांना त्यातलं काही कळत नव्हतं. ते उठून उभे राहिले.

“तू ठिवलीस म्हंतीस तर हाय. जा, रडू नगं.”

ती परत आली. डोळे पुसून तिनं प्रोग्राम पुन्हा चालवला, पण या खेपेला पडद्याकडे पाहायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. तिची नजर खाली, खाचांवर होती. बारीक दिवा लागला, पण तो माझा नव्हता. त्या कॉम्प्युटरला खाचा दोन होत्या! वरच्या ‘ए’ खाचेत परीक्षकांची मोठी फ्लॉपी, आणि मी खालच्या ‘बी’मध्ये. प्रोग्राम बिचारा परक्याच्या दारात जाऊन आमच्या तारखा मागत होता.

“सर, सगळ्या फाइली सीवर ठेवू का?” तिनं विचारलं. जोतीराम सर समोर असते तर हे तिच्या तोंडून फुटलंच नसतं.

“मग कुठं ठेवणार?” परीक्षक म्हणाले.

तिनं सगळ्या फाइली माझ्यातून काढून सीवर एका जागी ठेवल्या. मग ओळीओळीतून ‘ए’ खोडायला घेतलं; पत्ता दिला नाही की प्रोग्राम आपल्या शेजारीच फाइली शोधतो. तो माझाच पत्ता होता, मित्रांनो, आणि ती खोडत होती. मला वाईट वाटलं. पण तिचा हात थांबू नये असंही वाटत होतं. घड्याळ चारला टेकलं होतं. तिनं प्रोग्राम चालवला आणि पडद्यावर पाण्याची पाळी उमटली. पहिलंच नाव होतं, साहेबराव, शेळगाव. त्या वेळी माझा दिवा विझलेला होता.

करुणा आता बावड्याला शिकवते. प्रोग्रामच्या सगळ्या फाइली एकत्र ठेवा आणि एक नक्कल दुसरीकडं ठेवा, हे ती मुलांना आधी सांगते. मी तिच्या टेबलाच्या खणात असते. माझ्यावर धूळ बसलीय, उन्हाळ्यात अंग तापतं, महिनोन्महिने कुणी हात लावत नाही. माझ्यात अजून तो जुनाच प्रोग्राम आहे, ‘ए’ला हाक मारणारा.

मित्रांनो, आम्हाला धुळीत टाकू नका, उन्हात ठेवू नका. आणि एखादी गोष्ट सापडत नाही म्हणून ती नाहीच असं ठरवण्याआधी, आपण कुणाच्या दारात विचारतोय ते एकदा बघा. त्या दुपारी सगळे नाही म्हणत होते, तेव्हा मी तिच्या हाताएवढ्या अंतरावर होते.