माहेरची माती

निसानच्या झाडाची एकच फांदी वाळली होती. पानं आत वळून पेंढ्यासारखी पिवळी पडली होती, पण गळली नव्हती. गळली असती तर मी एवढी घाबरले नसते.

निसान माझी लेक. ती जन्मली त्या वर्षी सासूबाईंनी, साबिहाआईंनी, हे ऑलिव्हचं रोप लावलं. शेजारच्या ओळी माझा नवरा केनान याच्या आजोबांच्या हातच्या. मागच्या वसंतात मी त्या रोपाभोवती वांगी लावली. रोपं माहेरची, गेदिझ नदीकाठची. बाबांनी कापसाच्या रानातून मातीसकट काढून दिली. म्हणाले, आपली माती बरोबर असली की परकं वाटत नाही. टोपली मी मांडीवर घेऊन आले.

शेतकी खात्याच्या माणसाने फांदी तिरपी कापली. लाकडात तपकिरी रेघ. बुरशी मुळांतून चढते म्हणाला, कापसाच्या नि वांग्याच्या रानात पोसते, मातीत वर्षानुवर्षं टिकते, औषध नाही. कापसाच्या रानातलं काही आलं होतं का इथे, त्याने विचारलं. केनान नाही म्हणाला. मी निसानच्या टोपीची नाडी बांधत राहिले.

चौथ्या दिवशी सासूबाई वांग्यांची जुनी धसकटं काढून पोत्यात भरत होत्या, तेव्हा म्हटलं, "आई, ही माती मीच आणली. माहेराहून."

त्यांनी मान वर केली नाही.

"आणलीस तू. भरीत मिटक्या मारत कोणी खाल्लं? मीच ना." मग हळूच म्हणाल्या, "तुझ्या बाबांना कळू देऊ नकोस. झुरेल बिचारा."

बुरशी मरावी म्हणून जुलैच्या उन्हात ओल्या मातीवर प्लास्टिक अंथरून ती भाजून काढायची, नांगर घालायचा नाही, जोडे धुतल्याशिवाय इथून हलायचं नाही, असं त्या सांगत होत्या. झाड कदाचित तगेल. मला जरा हायसं वाटलं.

आणि निसान दिसेना.

ती केनानच्या आजोबांच्या ओळीत होती, पहिल्या झाडाच्या बुंध्याशी. मूठ उघडून आपल्या झाडाखालची माती तिथे थोपटत होती.

"झाडाला खाऊ," ती म्हणाली.

सासूबाईंच्या हातातलं पोतं गळून पडलं. मी धावले, ती माती नखांनी खरवडून डोक्याच्या रुमालात बांधली. सगळी निघाली का, कोण सांगणार?

मग बादलीत तिचे पाय धुतले, एकेक बोट, बोटांच्या बेचक्या. तिला गुदगुल्या होत होत्या, ती खिदळत होती. माझे हात थांबेनात.