न तुटलेल्या काचा

माझं काम तडे बघायचं. भिंतीला किंवा बीमला तडा गेला की लोक मला बोलावतात आणि विचारतात, पडेल का? त्यांना हो किंवा नाही हवं असतं. माझ्याकडे दोन्ही नसतं. तडा जुना होऊन गप्प बसलाय की अजून हलतोय, एवढंच मी शोधतो. त्याची रीत साधी आहे. तड्यावर आडवी पातळ काच बसवायची, दोन्ही टोकं पक्की चिकटवायची आणि दीड महिना थांबायचं. तडा केसभर सरकला तरी काच तुटते. नाही तुटली तर तो बहुधा हलत नाहीये. 'बहुधा' मी चांगला मोठ्यानं म्हणतो, पण लोकांना नेमका तोच शब्द ऐकू येत नाही. धंद्यात मला काचवाले म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात ते मी विचारायच्या भानगडीत पडत नाही.

माझ्या धाकट्या बहिणीचं पाळणाघर होतं. तीन मजली इमारतीत तळाला दोन खोल्या, बावीस मुलं. मोठ्या खोलीत मुलं दुपारी झोपायची, आणि नेमका त्यांच्या डोक्यावरच्या बीमला तडा दिसला. तिनं फोन केला. मी रविवारी गेलो. पेटी उघडून बघतो तर काचा पक्क्या चिकटवायच्या एपॉक्सीचा डबा वाळून दगड झालेला. परक्याचं काम असतं तर मी तंगडतोड करत दुकान गाठलं असतं. पण पडलं घरचं काम. मेहुण्यांनी बेसिनच्या कडेला लावतात ते सिलिकॉन कपाटातून काढून दिलं. म्हटलं, तूर्त भागवू, पुढच्या आठवड्यात नीट बसवू. चार काचा चिकटवल्या, चहा प्यालो, गप्पा हाणल्या, आणि पुढचा आठवडा डोक्यातून साफ उडाला.

दीड महिन्यानं चारही काचा धडधाकट होत्या. मी ऐटीत सांगितलं, निर्धास्त राहा. 'बहुधा' गिळून टाकला. आपल्याच बहिणीला कशाला घोर लावायचा. तिनं सगळ्या पालकांना तसं लेखी कळवलं, वर माझा हुद्दा घातला.

त्यानंतर अकरा दिवसांनी मी दुसऱ्या एका कामावर शिडीवर उभा होतो. खाली नव्यानं रुजू झालेल्या इंजिनियर बाई वही घेऊन उभ्या होत्या आणि मी त्यांना शहाणपण शिकवत होतो. म्हणत होतो, चिकटवायला मऊ काही वापरायचं नाही. मऊ असलं की तडा सरकला तरी तेच ताणलं जातं, काचेला पत्ताच लागत नाही. एवढं बोललो आणि बहिणीकडचं सिलिकॉन आठवून मी शिडी घट्ट धरली. बाईंना वाटलं, मला चक्कर आली. मी खाली उतरलो आणि तडक पाळणाघर गाठलं.

मुलं झोपली होती. मी स्टूलवर चढून काचेचं टोक अंगठ्यानं दाबलं. काच सरकली आणि सोडल्यावर परत जागेवर आली. चारही काचा तशाच. धाकटी दारातून बघत होती. मी तिला बाहेर व्हरांड्यात नेलं आणि सिलिकॉनपासून सगळं सांगितलं. आडपडदा ठेवला नाही.

"म्हणजे तडा हलतोय?" तिनं विचारलं.

"माहीत नाही."

"म्हणजे हलत नाहीये?"

"तेही माहीत नाही."

"मग दीड महिना तू काय बघत होतास, दादा?"

"काचा," मी म्हणालो.

तिच्यापुढे पेच होता. जागेच्या मालकानं बजावून ठेवलं होतं की खोल्या महिनाभर जरी बंद राहिल्या तरी दुसऱ्याला देईन. रांगेत माणसं होती. नव्या काचा पक्क्या बसवायच्या तर पुन्हा दीड महिना. टेकू द्यायचा तर फरशी उखडून खालची जमीन तपासायला हवी, आणि मालक फरशीला हात लावू देईना. म्हणजे बंद करायचं तर पाळणाघरच हातचं जाणार. नऊ वर्षं तिनं त्यात जीव ओतला होता. ती रडली नाही, चिडली. म्हणाली, तू पडणार म्हण, मी आत्ता कुलूप लावते. नाही म्हण, मी आत जाते. पण माहीत नाही म्हणू नकोस.

खरं सांगतो, 'पडणार' म्हणायचा मोह मला झाला. फार सोपं होतं. मुलं बाहेर आली असती, आणि तिचा राग माझ्यावर न राहता इमारतीवर गेला असता. पण एकदा खोट्या खात्रीवर तिला बसवलं होतं, तेवढं पुरे झालं. मला जे सांगता येत होतं ते मी सांगितलं. बंद केलंस आणि बीम ठणठणीत असला, तर पाळणाघर जाईल, पुन्हा उभं करावं लागेल, आणि जन्मभर तू मला बोल लावशील. चालू ठेवलंस आणि बीम हलत असला, तर. पुढचं वाक्य मी पुरं केलं नाही.

ती आत गेली आणि दाराजवळचं पोर झोपेतच उचलून बाहेर घेऊन आली. मीही गेलो. बावीस मुलं आम्ही दोघांनी एकेक करून आणली. शेवटची दोन भिंतीकडेला होती. त्या बीमखालून जाताना मला भीती वाटली. तीस वर्षं असल्या बीमखाली उभा राहतोय, पण तोवर कधी कुणाचं पोर कडेवर नव्हतं.

मालक शब्दाला जागला. एकतिसाव्या दिवशी तिथे झेरॉक्सचं दुकान आलं. मी नव्या काचा लावल्या होत्या, त्या मालकानं खरवडून काढल्या आणि वर रंग फासला. त्यामुळे तडा हलत होता की नाही, हे आता कधीच कळायचं नाही. त्याला मी दोनदा पत्र लिहिलं, पालिकेलाही लिहिलं. इमारत उभी आहे. नातेवाइकांना आयताच विषय मिळाला. लग्नकार्यात कुणी ना कुणी छताकडे बोट दाखवून मला विचारतं, बसू का इथे?

धाकटी सात महिने माझ्याशी बोलली नाही. मग तिला एका शाळेच्या मागच्या बाजूला जागा मिळाली. तिनं ती बघायला बोलावलं. मी सगळं ठोकून पाहिलं आणि बहुधा ठीक आहे, असं सांगितलं. ती म्हणाली, 'बहुधा' ऐकलं.

पाळणाघर सुरू झाल्यावर मी पुन्हा गेलो, तेव्हा तिनं जुन्या मुलांपैकी दोघांच्या आयांची गोष्ट सांगितली. इथे पाटी लागली त्या आठवड्यातच दोघी येऊन गेल्या होत्या. पहिली हात हातात घेऊन म्हणाली, तुम्ही माझ्या लेकीला वाचवलंत. दुसरी भांडायलाच आली होती. इमारत तर खुशाल उभी आहे, तुमच्या भावाच्या लहरीपायी माझी नोकरी सुटली, असं म्हणाली. दोघींनी एकच विचारलं, पडली असती का?

"काय सांगितलंस?" मी विचारलं.

"माहीत नाही म्हणाले. दोघींनाही."

"मग?"

"पहिली हिरमुसली. परत आली नाही." तिनं दार थोडं ओढून घेतलं. "दुसरी बराच वेळ बसली, आणि सोमवारी मुलाला घेऊन आली. हळू बोल, आत तोच झोपलाय."