लालसूचा नेम

गुलाम रसूलने सागवानी खांबावरचं पोतं ओढून काढलं आणि बुधरीच्या तोंडाकडे पाहिलं. खांबाच्या माथ्यावर तिचा मेलेला नवरा, लालसू, उभा होता. पाय फाकलेले, छाती पुढे, एक डोळा मिटलेला आणि धनुष्याची दोरी थेट कानामागे ओढलेली.

बुधरी खांबाभोवती फिरून आली.

“हा कोन होय?”

गुलाम रसूल गडबडला. वडशात तीस वर्षं तो नाटकवाल्यांसाठी गदा, धनुष्यं आणि सिंहासनं करत आला होता. तीरंदाज कसा उभा राहतो हे त्याने रंगमंचावर पाहिलं होतं, व्हिडिओवर पाहिलं होतं. बुधरीच्या गावात असे आठवणीचे खांब कोरणारा म्हातारा गेल्या साली वारला, म्हणून हे काम त्याच्याकडे आलं. घुग्घुसच्या खाणीत कामाला असलेल्या तिच्या मुलाने, अंकुशने, पिक्चरमधल्यासारखाच बाप मागितला होता. चार दिवसांनी खांब गावाबाहेर उभा राहायचा होता, सगळ्या पाहुण्यांदेखत.

“लालसूच होय, बाई.”

“अशी दोरी सोडली त कानच जाईन, भाऊ.”

हे मात्र त्याला पटलं. नाटकातल्या बाहुल्यांसारखे हात आणि डोकं वेगळं करून खुंट्यांवर बसवायची त्याची सवय इथे कामी आली. त्याने हात फिरवला, दोरी छातीशी आणली.

“आता?”

“नाई.”

त्याने धनुष्य सरळ केलं. पुन्हा नाई.  त्याला राग येत होता, पण बाईच्या डोळ्यांत पाणी पाहून त्याने हातातली पटाशी खाली ठेवली.

“माय, राहू दे न,” बाजूला उभा असलेला अंकुश म्हणाला. “चांगला शिकारी दिसून राह्यला बाबा.”

“म्हनूनच लोकं हासतीन. त्याचा नेम कधी लागला होता?”



“मंग धनुष्य काऊन पायजे, बाई?” गुलाम रसूलने विचारलं.

“थे त सदा हातातच राहे त्याच्या.”

तिने भिंतीवरचं नाटकातलं एक धनुष्य काढलं, खाली सोडून धरलं आणि मान डावीकडे वळवली.

“तीर सुटला का असा पाहे.”

“कुठी? तीर गेला तिकडं?”

“नाई.”

तिने धनुष्य परत भिंतीवर लावलं. काहीच न कळून गुलाम रसूलने सांगितल्याप्रमाणे केलं. बाण काढून ठेवला, धनुष्याचा हात खाली आणला, डोकं डावीकडे फिरवून खुंटी ठोकली. नेम धरायला मिटलेला तो डोळा आता कुणाला तरी मारल्यासारखा विचित्र दिसू लागला. त्याने पटाशी उचलली.

“थांबा, डोळा उघडून देतो.”

“राहू द्या, भाऊ.”

आवाज लालसूच्या डावीकडून आला. मूर्तीचं तोंड जिकडे वळलं होतं, तिथे बुधरी पदर सारखा करत उभी होती.